आयत्या बिळावर सापसुरळी

ऑक्टोबर 1992. दक्षिण ऑस्ट्रेलियात, बरा या छोट्या गावाजवळच्या रस्त्यावर एक तपकिरी साप मरून पडला होता. त्याचं पोट फुगलेलं दिसलं, म्हणून ग्रॅहॅम आर्मस्ट्राँग या सरीसृप-अभ्यासकाने ते उघडून पाहिलं. आत एक छोटी, जाडसर सापसुरळी निघाली. हिला शेवटचं पाहिलं होतं 1959 साली, आणि ती नामशेष झाली असंच सगळे धरून चालले होते. एखाद्या प्राण्याच्या पुनर्जन्माची बातमी सापाच्या पोटातून यावी, हा योग विचित्रच.

तिचं शास्त्रीय नाव टिलिका ॲडलेडेन्सिस. पिटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1863 मध्ये तिचं वर्णन केलं, पण त्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत जगभरच्या संग्रहालयांत मिळून तिचे जेमतेम वीसेक नमुने जमले. कुळ निळ्या जिभेच्या सापसुरळ्यांचं, हिची जीभ मात्र गुलाबी. डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी साधारण 10 सेंटिमीटर. निळ्या जिभेची तिची भावंडं हिच्या दुप्पट-तिप्पट असतात.

इतकी वर्षं ही कुणाला दिसली कशी नाही? ती घर सोडत नाही म्हणून. आणि ते घर तिचं नसतंच. लांडगा-कोळी किंवा बिळाच्या तोंडाला झाकण लावणारे कोळी जमिनीत सरळ उभी, बोटाएवढी रुंद बिळं खणतात. मोकळं मिळालेलं असं बीळ ही बळकावते. स्वतः खणायचं नाव नाही. आपल्याकडे आयत्या बिळावर नागोबा बसतो, तिकडे सापसुरळी. बिळाच्या निवडीत मात्र ती चोखंदळ. बीळ खोल हवं आणि तोंड डोकं जेमतेम मावेल इतकंच. खोली उन्हाळ्याच्या होरपळीपासून वाचवते, अरुंद तोंड शत्रूला अडवतं. त्या तोंडाशी डोकं बाहेर काढून ती ऊन खात बसते. नाकतोडा जवळून गेला की झडप घालते आणि मागच्या पावली आत. वसंतात नर जोडीदारणीच्या शोधात बाहेर पडतात, माद्या बहुधा जागच्या हलत नाहीत. पिल्लं थेट जन्मतात, अंडी नाहीत. काही आठवडे आईच्या बिळात काढून ती पांगतात, आणि तेव्हा प्रत्येकाला स्वतःचं बीळ शोधावं लागतं.

संशोधकांनी तिच्याच सवयी तिच्याविरुद्ध वापरल्या, हा भाग मला फार आवडतो. मासे पकडायच्या दोरीला पिठातली अळी बांधायची आणि बिळाच्या तोंडाशी नाचवायची. सापसुरळी अळी धरायला पुढे आली की हलकेच बाहेर ओढायची. आत कोण आहे हे पाहायला प्रकाशतंतूंची बारीक दुर्बीण बिळात सोडतात. बिळाजवळ सापसुरळीची नकली प्रतिकृती ठेवली, तर आतला रहिवासी तिच्यावर हल्ला करतो. एवढीशी जागा, पण तिची राखण जिवावर उदार होऊन.

इथेच संवर्धनाची खरी अडचण आहे. ही सापसुरळी वाचवायची म्हणजे भोकं वाचवायची आणि ती खणणारे कोळीही. ती सापडते फक्त कधीही न नांगरलेल्या गवताळ माळांवर. एकदा नांगर फिरला की बिळंही जातात आणि कोळीही. तिच्या बहुतेक सगळ्या वस्त्या खासगी जमिनीवर, मेंढ्यांच्या कुरणांत आहेत. मेंढ्या अगदीच शत्रू नव्हेत. गवत फार माजलं तरी तिला ऊन आणि सावज नीट मिळत नाही, त्यामुळे बेताची चराई चालते. अतिचराईत मात्र खुरांखाली बिळं बुजतात. माळ वाचवायचा तर मेंढपाळाला बाजूला सारून चालणार नाही, उलट त्याच्याशीच जमवून घ्यावं लागतं.

कोळी हुकुमावर बिळं खणत नाहीत. म्हणून फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी लाकडाचे गोल दांडे आतून पोखरून सुमारे 30 सेंटिमीटर लांबीच्या नळ्या केल्या आणि जमिनीत उभ्या पुरल्या. सापसुरळ्यांनी त्या लगेच स्वीकारल्या आणि तिथली त्यांची संख्याही वाढली. म्हणजे माळावर अन्न होतं, टंचाई घरांची होती.

आता प्रश्न हवामानाचा. उत्तरेकडच्या, म्हणजे तिथे विषुववृत्ताच्या बाजूच्या, वस्त्या आणखी तापतील, कोरड्या पडतील. दोन माळांमध्ये गव्हाची शेतं असताना बीळ न सोडणारा प्राणी दक्षिणेकडे चालत जाईल ही अपेक्षाच चूक. म्हणून माणसंच तिला उचलून थंड भागात नेऊ लागली आहेत. नव्या जागी सोडलेल्या सापसुरळ्या भटकून हरवण्याचा धोका असतो. बंदिस्त प्रयोगांत असं दिसलं की सुरुवातीला वरून खाणं पुरवलं तर त्या जवळपास टिकतात. पण त्यांना सोडण्याआधी माळावर एक काम उरकावं लागतं: हातोडी घेऊन भोकं पाडणं.