समतल तरंगमार्गी प्रकाश-परिपथ

सपाट चकतीवरच्या काचेच्या थरात प्रकाशासाठी वाटा कोरून बनवलेली चिप. व्यवहारात हिला ‘पीएलसी’ (प्लेनर लाइटवेव्ह सर्किट) म्हणतात. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत मशिनी चालवणारा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, तो वेगळा.

सिलिकॉन किंवा क्वार्ट्झच्या चकतीवर आधी शुद्ध सिलिकाचा आणि त्यावर जर्मेनियम मिसळलेला थर चढवतात. फोटोलिथोग्राफीने, म्हणजे प्रकाशाने छापून, नक्षी उमटवून नको तो भाग खरवडतात आणि उरलेल्या रेषा पुन्हा सिलिकाखाली गाडतात. या रेषा जेमतेम 6 ते 8 मायक्रोमीटर रुंद असतात. त्यांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) भोवतीच्या काचेपेक्षा किंचित जास्त असल्याने प्रकाश आतच राहतो. 1980च्या दशकात जपानच्या एनटीटी कंपनीने हे तंत्र पुढे नेले.

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात घरोघरी आलेल्या फायबरच्या जोडणीत ही चिप ‘स्प्लिटर’, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेकांत वाटणारा भाग, म्हणून भेटते. ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेच्या पहिल्या टप्प्यातही ग्रामपंचायती अशाच स्प्लिटरमार्फत जोडल्या गेल्या. आत एका वाटेला दोन फाटे, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन. पाच पायऱ्यांत 32 वाटा होतात. स्प्लिटरला वीज लागत नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात लाइट गेली तरी त्याचे काम अडत नाही; बंद पडतो तो घरातला मोडेम.

मात्र दर फाट्याला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे 3 डेसिबल घट. 32 वाटांची हिशोबी घट 15, प्रत्यक्षात सुमारे 17 डेसिबल. जीपॉन या घरोघरच्या फायबर-जोडणीच्या पद्धतीत, तिच्या प्रचलित ‘बी प्लस’ वर्गात, एकूण 28 डेसिबल घटीची मुभा असते. 1310 नॅनोमीटर तरंगलांबीला फायबर किलोमीटरमागे 0.35 डेसिबल खाते, तेव्हा 20 किलोमीटरला आणखी 7 गेले. सांधे आणि कनेक्टर यांना उरतात चार. घरून उलट जाणाऱ्या प्रकाशालाही तेवढीच घट सोसावी लागते, हे चटकन पटत नाही. पण फाट्यावर निम्मा प्रकाश वाटेबाहेर सांडतोच. शिल्लक इतकी थोडी, म्हणून मोडेमवर लाल दिवा लागला की आधी वाकलेली वायर आणि हिरव्या कनेक्टरचे मळलेले टोक पाहावे. ते टोक 8 अंशांत तिरके घासलेले असते, म्हणजे परावर्तित प्रकाश मागे फिरत नाही.

याच तंत्राने तरंगलांबीनुसार प्रकाश वेगळा करणाऱ्या जाळ्याही बनतात. त्या तापमानाला हळव्या: दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.01 नॅनोमीटर सरकतात, म्हणून त्यांना हीटर किंवा खास रचना लागते. स्प्लिटरला हे लाड लागत नाहीत.