पाणी ओसरलं की फायलींचा पूर येतो

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं, ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. पण पाणी ओसरल्यावर विमा असलेल्या प्रत्येक दुकानाची, गोडाऊनची, गाडीची एकेक फाइल होते आणि ती कोणाच्यातरी टेबलावर येऊन पडते, ते काही कोणी दाखवत नाही. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ, मग २०२१ च्या मे मध्ये तौक्ते चक्रीवादळ, त्यावर हा पूर. आमच्याकडे, म्हणजे विम्याच्या ऑफिसात, क्लेम (भरपाईचे दावे) थोडेथोडे येतच नाहीत, येतात ते एकगठ्ठा.

आता यात जे गणित आहे ते भारी आहे. रांगांचा अभ्यास ही गणिताची एक शाखाच आहे, डेन्मार्कच्या एर्लांगने १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉल्ससाठी तिची सुरुवात केली. त्यातला सगळ्यात साधा हिशोब असा, की माणूस कुवतीच्या ८० टक्के कामात गुंतलेला असला तर त्याच्याकडे (हातातली धरून) सरासरी ४ फायली असतात. ९० टक्के केलं की ९ आणि ९५ टक्के केलं की १९. म्हणजे काम वाढलं जेमतेम ५ टक्के आणि ढीग झाला डबल! कारण फायली टाइमटेबल बघून येत नाहीत, एक दहा मिनिटांत सुटते आणि दुसरी आठवडा खाते, नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचा रिपोर्ट आला नाही, बिलं भिजली, स्टॉक रजिस्टरच वाहून गेलं. आणि सोमवारी रिकामे गेलेले दोन तास गुरुवारी काढून वापरता येत नाहीत. १०० टक्के बिझी ठेवलं तर रांग वाढतच जाते, कितीही हुशार माणूस बसवा. पण साहेबांना कोणी रिकामं बसलेलं दिसलं की पोटात दुखतं, त्याला काय करणार.

मग माणूस थकतो. बर्नआऊटवर १९७४ मध्ये फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने लिहिलं, पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक यांनी तो मोजायची प्रश्नावली केली, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं की हा आजार नाही, कामाच्या ठिकाणचा न आवरलेला ताण साचून होणारी अवस्था आहे. तिची लक्षणं तीन: अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल मन कडवट होणं, आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं. यातलं दुसरं क्लेमवाल्यांमध्ये पकडणं महाकठीण, कारण संशय घेणं हा मुळात कामाचाच भाग, त्यामुळे समोरचा प्रत्येक जण खोटाच वाटायला लागला तरी ऑफिसात त्याला अनुभवी म्हणतात.

दुसरी गोष्ट कंट्रोलची. रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने १९७९ मध्ये मांडलं की नुसतं जास्त काम तेवढं घातक नसतं, काम जास्त आणि निर्णय आपल्या हातात नाही हे कॉम्बिनेशन घातक. पुरात बुडालेली गाडी घ्या. पाणी ओसरल्यावर मालक चावी फिरवतो, इंजिनात शिरलेलं पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनासाठी वेगळं विमा कव्हर घेतलेलं नसेल तर साध्या पॉलिसीत हे नुकसान बरेचदा बसत नाही. "मॅडम, चालू होते का एवढंच बघितलं हो" म्हणणाऱ्या माणसाला फोनवर "नाही" असं सांगायचं, तेही गोड आवाजात, आणि ज्या मुलीने सांगायचं तिने ना नियम केलाय ना तिला तो वाकवता येतो. आवाज गोड ठेवायच्या या कष्टांना समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये भावनिक श्रम म्हटलं. पगाराच्या स्लिपवर त्यांचा कॉलम नाही.

यावर योगा वर्कशॉप ठेवतात. योगाला माझा विरोध नाही, पण रांगेचं गणित वेगळाच उपाय सांगतं. ९० टक्के लोड असलेल्या दोघांच्या वेगवेगळ्या रांगा मोडून एकच रांग केली आणि जो मोकळा होईल त्याने पुढची फाइल उचलली, तर फाइल सुटायला लागणारा सरासरी वेळ जवळपास निम्मा होतो, एकही माणूस न वाढवता. अडचण एवढीच की फायली माणसाच्या नावावर मोजल्या जातात आणि अप्रेझल त्यावरच ठरतं, तेव्हा रांग एक करू म्हटलं की पहिला "नको" टेबलावर बसलेल्यांकडूनच येतो.