आगीचा बंब : पंप आणि फोमची हाताळणी

आगीचा बंब म्हणजे स्वतःची टाकी, स्वतःचा पंप आणि बरेचदा फोमचीही सोय घेऊन धावणारी गाडी. लोकांना सायरन दिसतो, शिडी दिसते, पण बंबाचा जीव मागच्या नाहीतर बाजूच्या पॅनेलवर असतो आणि तिथे जो उभा राहतो त्याला आपल्याकडच्या पालिकांच्या भरतीत चालक-यंत्रचालक म्हणतात, कारण गाडी तिथवर नेणारा आणि पोचल्यावर पंप चालवणारा माणूस एकच. शिडी, बचाव, ड्रायव्हिंग हे विषय या नोंदीत घेतलेले नाहीत.

नावाबद्दल

बंब हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला असं साधारण मानतात, बोंबा म्हणजे पंप, आणि पाव, पगार, चावी, बालदी ज्या बोटीतून उतरले त्याच बोटीतून हाही उतरला असणार. पोर्तुगीजमध्ये आग विझवणाऱ्याला 'बोंबेइरु' म्हणतात, म्हणजे शब्दशः आपला बंबवालाच. मराठीत हा शब्द नुसत्या आवाजावरून पडला असावा असंही कुणी म्हणेल, पण पोर्तुगीज शब्दाचं मूळ लॅटिन 'बोंबुस' म्हणजे घुमणारा नाद असंच सांगतात, त्यामुळे आवाजाचा धागा दोन्हीकडे लागतो आणि पोर्तुगीज वाट जास्त पटते. खरा घोळ न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाचा आहे, एकाच शब्दाने पाणी तापवणारं भांडं आणि आग विझवणारी गाडी दोन्ही कसे काय झाले? उभा नळकांड्यासारखा आकार आणि पोटात पाणी एवढं साम्य पुरलं असावं. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण (काही जण उलटीही म्हणतात) मात्र आगीच्याच बंबाची, न्हाणीघरातल्या बंबाची नाही, त्यामुळे निदान आताच्या रूपात ती बंब पाहिलेल्या लोकांची म्हण दिसते, फार प्राचीन नसावी.

उगम

दट्ट्याचा पंप अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअसने काढला, साधारण इ.स.पू. तिसऱ्या शतकात, असं रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस सांगतो. क्टेसिबिअसचं स्वतःचं लिखाण उरलेलं नाही, आगीसाठीच्या पंपाचं नीट वर्णन मिळतं ते अलेक्झांड्रियाच्याच हेरॉनच्या ग्रंथात, दोन सिलिंडर, मध्ये आडवा दांडा आणि वर फिरणारी तोटी. पण हेरॉन कधीचा यावर बराच वाद झाला, इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून इ.स. तिसऱ्या शतकापर्यंत कुठेही त्याला बसवत असत. १९३८ मध्ये ओटो नॉयगेबाउअरने हेरॉनच्याच एका उदाहरणातलं चंद्रग्रहण इ.स. ६२ चं असल्याचं गणिताने दाखवलं तेव्हापासून बहुतेक जण पहिलं शतक धरतात, या आधारावर शंका घेणारेही आहेत, तरी त्याहून बरा आधार अजून पुढे आलेला नाही. पंप होता म्हणजे तो सगळीकडे होता असं मात्र समजू नये. आजच्या तुर्कस्तानातल्या निकोमीडियाच्या आगीबद्दल धाकट्या प्लिनीने ट्रेजन या रोमन बादशहाला लिहिलेल्या पत्रात साफ म्हटलंय की गावात ना पंप होता ना बादली.

मधली शतकं सोडून देऊ. न्यूरेम्बर्गच्या हान्स हॉचचा बंब १६५० च्या दशकातला, त्यात हवेची कुपी होती का (जिच्यामुळे पाणी धक्क्याधक्क्याने न येता सलग येतं) यावर मतं दोन आहेत. अॅमस्टरडॅमच्या यान व्हान डर हेडेनने भावाबरोबर १६७२ च्या सुमारास कातडी होज (पाणी नेणारी लवचीक नळी) आणला, आणि माझ्या मते खरी क्रांती ही, पंपाची नाही, कारण त्याआधी बंब आगीच्या तोंडाशी नेऊन वरून पाणी फेकायचे, होज आल्यावर बंब लांब आणि माणूस आत अशी आजची मांडणी झाली. लंडनमध्ये न्यूशॅमची पेटंटं १७२१ आणि १७२५ ची, ब्रेथवेटचा वाफेचा बंब १८२९ चा. मुंबईत अग्निशमन दल १८८७ मध्ये पालिकेकडे आलं.

पंप

आजच्या बंबावर सेंट्रिफ्यूगल पंप असतो. फिरतं चाक म्हणजे इंपेलर पाण्याला बाहेर फेकतं आणि तो वेग केसिंगमध्ये दाबात बदलतो. फिरण्याचा वेग दुप्पट केला तर पाणी दुप्पट, दाब चौपट आणि इंजिनावरचा भार आठपट होतो, थ्रॉटल (इंजिनाचा वेग) हळूहळू वाढवायचं ते यासाठी. आपल्याकडचा ओळखीचा 'टाइप बी' वॉटर टेंडर, म्हणजे पाण्याचा बंब, भारतीय मानक ९५० प्रमाणे साधारण ४,५०० लिटर टाकी आणि ७ बारला (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब) मिनिटाला १,८०० लिटर पंप असा असतो. आता हिशोब बघा, २० मिमी नोझलमधून ७ बारला मिनिटाला सुमारे ७०० लिटर जातं, म्हणजे एकच ब्रांच (होजच्या टोकाची हातात धरायची तोटी) चालू असेल तरी टाकी साडेसहा मिनिटांत खडखडीत. हायड्रंट (आगीसाठीचा रस्त्यावरचा नळ) किंवा विहीर शोधण्याची धावपळ पहिल्या मिनिटापासून असते ती याच गणितामुळे.

विहिरीतून पाणी घेताना पंप पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो, ते खरं नाही. पंपाच्या आतला दाब फक्त कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते, ती जास्तीत जास्त १०.३ मीटर ढकलू शकते, प्रत्यक्षात गळती, घर्षण आणि पाण्याची वाफ धरून ७ ते साडेसात मीटरच्या पुढे भरवसा नाही. महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवेचाच दाब कमी, तिथे मूळ मर्यादाच दीडेक मीटरने खाली येते. आणि सेंट्रिफ्यूगल पंपाला स्वतःहून हवा काढता येत नाही, त्यासाठी प्रायमर, म्हणजे हवा काढणारं वेगळं साधन, लागतं.

जवळून पाहिलं तर प्रायमिंग हा सगळा कानाचा आणि गेजचा खेळ आहे. सक्शन होजचे (विहिरीत सोडलेल्या नळीचे) जोड पान्याने घट्ट, तोंडाची गाळणी म्हणजे स्ट्रेनर पाण्यात पुरता बुडालेला पण तळाच्या गाळात रुतलेला नाही, त्यावर वेताची टोपली, होज मध्ये कुठेही पंपापेक्षा उंच गेलेला नाही (गेला तर तिथे हवेचा फुगा बसतो), डिलिव्हरीचे, म्हणजे पाणी बाहेर जायच्या तोंडांचे, सगळे व्हॉल्व्ह बंद. प्रायमर ओढला की कंपाउंड गेजचा (दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही दाखवणाऱ्या) काटा व्हॅक्यूमकडे सरकतो, इंजिनाचा आवाज जरा बदलतो, मग एकदम प्रेशर गेजचा काटा उडी मारतो, पाणी आलं. प्रायमर सोडायचा आणि एक डिलिव्हरी हळू उघडायची. काटा अर्ध्यावर येऊन परत खाली जात असेल तर हवा घुसतेय, दहापैकी नऊ वेळा वॉशर. व्हॅक्यूम भरपूर दिसतोय पण पाणी नाही याचा अर्थ उलटा, स्ट्रेनर चोंदलाय नाहीतर पाणी फार खोल आहे.

पंप नासतो तो मुख्यतः दोन प्रकारांनी. एक कॅव्हिटेशन, म्हणजे जेवढं आत येतंय त्यापेक्षा जास्त बाहेर मागितलं की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि इंपेलरवर फुटतात, केसिंगमध्ये कुणी खडी टाकल्यासारखा आवाज येतो, थ्रॉटल वाढवूनही दाब वाढत नाही, अशा वेळी हात आणखी थ्रॉटल द्यायला जातो आणि नेमकं तेच चुकतं, कमी करायचं असतं. हायड्रंटवर हाच प्रकार झाला तर मऊ होज चपटा होतो. दुसरा प्रकार, आतल्या माणसांनी ब्रांच बंद केली आणि पंप तसाच फिरतोय, तेच पाणी घुसळून घुसळून तापतं, केसिंगला हात लावून बघा, लावता येत नसेल तर उशीर झालाय. आणि नंतर कुणी ब्रांच उघडली तर पहिलं पाणी उकळतं येतं. थोडं पाणी टाकीत परत फिरवत ठेवणं हा साधा उपाय.

माणूस दुखावतो तो वेगळ्याच जागी. २० मिमी नोझल ७ बारला साधारण ४४० न्यूटन मागे ढकलतं, म्हणजे ४५ किलोचं वजन छातीवर रेटतंय असं समजा, आणि यंत्रचालकाने न सांगता दाब वाढवला तर आत जिन्यावर उभा असलेला माणूस पडतो. व्हॉल्व्ह फटकन बंद केला की धावतं पाणी जागीच अडतं आणि धक्का उलटा येतो, वॉटर हॅमर, होज फुटतो, कपलिंग उडतं. बंद डिलिव्हरीच्या ब्लँक कॅपमागे दाब अडकलेला असू शकतो, निचरा न करता ती फिरवली तर गोळीसारखी सुटते, म्हणून पॅनेलवर कधी डिलिव्हरीच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला. होजच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहू नये. हे सगळं होण्याआधी हँडब्रेक, न्यूट्रल, चाकाखाली ठोकळे आणि मगच पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाला जोडणारा गिअर), ही सवय हातात बसलेली असली पाहिजे. दर १० मीटर उंचीला १ बार जातो, शिवाय होजमधलं घर्षण, तेही पाणी दुप्पट केलं की चौपट. म्हणजे पॅनेलवरचा आकडा आणि नोझलवरचा आकडा एक नसतो.

फोम

पेट्रोल-डिझेलवर नुसतं पाणी मारलं तर ते तळाशी जातं आणि पेटतं तेल वर तरंगत पसरतं, म्हणून फोम, जो तेलावर पांघरूण घालतो, वाफ दाबतो आणि थंडही करतो. फोम कुणाचा? रशियन परंपरा अलेक्झांडर लोरानचं नाव घेते, तो बाकूला शाळेत शिकवायचा, तेलाच्या आगी डोळ्यांसमोर होत्या, १९०२ ते १९०४ मधले त्याचे प्रयोग आणि पेटंट. इंग्रज मंडळी जॉन्सनचं १८७७ चं पेटंट पुढे करतात. कागदावर जॉन्सन आधी आहे हे खरं, पण मोठ्या आगीवर करून दाखवलेलं काम लोरानचं, आणि संदर्भग्रंथांचा कलही हळूहळू लोरानकडे गेलेला दिसतो. तो फोम रासायनिक होता, खाण्याचा सोडा आणि अॅल्युमिनियम सल्फेट एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, आणि ते टिकावेत म्हणून अशा फोममध्ये जेष्ठमधाचा अर्क घालत. हो, खोकल्यावर चघळतो तोच जेष्ठमध. पुढे हवा मिसळून केलेला यांत्रिक फोम आला आणि दुसऱ्या महायुद्धात सोयाबीनच्या प्रथिनाचा फोम अमेरिकन नौदलाने खूप वापरला, त्यामागचं प्रथिनाचं काम अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियनचं.

१९६० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेने थ्रीएम कंपनीबरोबर फ्लोरीनयुक्त, तेलावर पातळ पडदा धरणारा फोम काढला, बोलीभाषेत ए-ट्रिपल-एफ. २९ जुलै १९६७ ला फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर आग लागून १३४ माणसं गेली, प्रशिक्षित पथक पहिल्याच स्फोटांत गेलं होतं, मागून आलेल्यांपैकी काहींनी फोमवर पाणी मारून तो धुऊन टाकला. फोमच्या वर्गात अजून हेच उदाहरण सांगतात. या फोममधली फ्लोरीनची रसायनं निसर्गात जवळजवळ नासतच नाहीत असं पुढे लक्षात आलं, त्यातली दोन, पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये, अशा टिकाऊ घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराखाली आली, आणि आता फ्लोरीनमुक्त फोमकडे वळणं चालू आहे. तो मारायची पद्धत आणि यंत्रणाही जरा बदलावी लागते, नुसता कॅन बदलून भागत नाही.

फोम बनतो तीन गोष्टींनी, पाणी, द्रव (म्हणजे फोमचा मूळ अर्क) आणि हवा. ३ टक्क्यांचा द्रव म्हणजे ९७ लिटर पाण्याला ३ लिटर. एनएफपीए ११ या अमेरिकन अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे सांडलेल्या पेट्रोलवर ए-ट्रिपल-एफ दर चौरस मीटरला मिनिटाला ४.१ लिटर, १५ मिनिटं, म्हणजे १०० चौरस मीटरला ६,१५० लिटर द्रावण आणि १८५ लिटर द्रव. एका २०० लिटरच्या ड्रमात एवढंच बसतं, म्हणून द्रव आणि पाणी पुरेसं जमल्याशिवाय फोम सुरू करू नये, अर्धवट पांघरूण मधेच संपलं तर आग परत सगळं घेते आणि द्रवही गेलेला असतो.

लाइनमधला इंडक्टर (पाण्यात द्रव ओढून मिसळणारं साधन) व्हेंचुरीवर चालतो, म्हणजे अरुंद गळ्यातून पाणी वेगाने गेलं की तिथला दाब उतरतो, आणि त्यात साधारण एक तृतीयांश दाब जातो. इंडक्टर आणि ब्रांच एकाच प्रवाहाचे हवेत, मिनिटाला ४५० लिटरचा इंडक्टर आणि २०० ची ब्रांच जोडली तर द्रव ओढलाच जात नाही आणि नोझलमधून दुधट पाणी येतं. होज फार लांब, ब्रांच फार उंच किंवा अर्धी बंद असली तरी तेच होतं. पंपाभोवतीच्या पद्धतीत डिलिव्हरीचं थोडं पाणी इंडक्टरमधून फिरवून द्रवासकट परत सक्शनला देतात, यात सगळ्या डिलिव्हरींना फोम मिळतो, पण हायड्रंटचं दाबातलं पाणी थेट सक्शनला लावलं तर इंडक्टर चालत नाही, उलट पाणी फोमच्या टाकीत घुसतं. हायड्रंटचं पाणी आधी टाकीत घ्यायचं आणि तिथून पंपाला.

मारताना फोम पेटत्या तेलात खुपसायचा नाही, भिंतीवर आपटून खाली घसरू द्यायचा, जमिनीवर टाकून पुढे सरकू द्यायचा किंवा वर उडवून पावसासारखा पडू द्यायचा. स्पिरिट, अल्कोहोल यांसारख्या पाण्यात मिसळणाऱ्या द्रवांना साधा फोम चालत नाही, ते त्याला खाऊन टाकतात, अल्कोहोलरोधक लागतो. चालू विजेजवळ फोम पाण्याइतकाच धोक्याचा. ६ ऑक्टोबर २०१७ ला मुंबई बंदरातल्या बुचर बेटावर वीज पडून डिझेलची टाकी पेटली ती काही दिवस जळत होती, फोम असूनही, टाकीच्या आगीत विझल्यावर पुन्हा पेट घेणं हीच मोठी डोकेदुखी असते.

दोन जातींचे किंवा दोन कंपन्यांचे द्रव एका टाकीत कधी ओतू नयेत, दह्यासारखा गठ्ठा होऊन इंडक्टर बंद पडतो. काम झाल्यावर, म्हणजे 'नॉक ऑफ' (पाणी बंद) नंतर आणि 'मेक अप' (सामान आवरणं) च्या आधी, फोमच्या वाटेतून स्वच्छ पाणी फेस पूर्ण थांबेपर्यंत सोडायचं, पिकअप नळी (ड्रमातून द्रव ओढणारी) बादलीतल्या साध्या पाण्यात बुडवून इंडक्टरही धुवायचा आणि मग पंपाचे निचऱ्याचे नळ उघडायचे. हे टाळलं तर द्रव वाळून व्हॉल्व्ह चिकटतात, आणि ते कळतं पुढच्या कॉलला, पिकअप ड्रमात आहे, पाणी जोरात चाललंय, आणि ड्रमातली पातळी जिथल्या तिथे.