हातरंधे, जुने : खरेदी-विक्री
रोजच्या वापरातून बाजूला पडलेले, पण जुनेपणामुळे किंवा उपयुक्ततेमुळे मोल टिकवून असलेले सुतारी रंधे व त्यांची देवघेव. गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते : रंधा मारण्यासाठी घेणारे आणि जपून ठेवण्यासाठी घेणारे. पहिला तळ सपाट आहे का आणि पात्याचे पोलाद किती उरले आहे, हे पाहतो. दुसरा रंधा कोणी व केव्हा घडवला, हे विचारतो. भावातील मोठे चढउतार या दुसऱ्या प्रश्नामुळेच होतात.

रंध्याचा उगम अनिश्चित आहे. सुतारी हत्यारांचे श्रेय ग्रीक पुराणकथांतील कारागीर डेडलसला देताना रोमन लेखक प्लिनी करवत, ओळंबा, सरस यांची नावे घेतो, रंध्याचे घेत नाही. मात्र एवढ्यावरून रंधा उशिराचा ठरवणे धाडसाचे होईल. ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात सापडलेले रंधे इ. स. ७९ च्या आधीचे एवढे नक्की. असे नमुने संग्रहालयांतच असतात. बाजाराचा संबंध प्रामुख्याने सतराव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या मालाशी येतो. त्या सुमारास लंडनमध्ये टॉमस ग्रॅनफर्ड हा रंधे घडवण्याचाच धंदा करत होता. अमेरिकेत मॅसॅचूसेट्समधील रेंथम येथील फ्रान्सिस निकल्सन आणि त्याचा गुलाम सीझर चेलर हे आरंभीचे ज्ञात रंधाकार. निकल्सनच्या मृत्युपत्रान्वये १७५३ मध्ये चेलर मुक्त झाला व त्याने स्वतःच्या नावाचा ठसा वापरला. ‘लिव्हिंग इन रेंथम’ हे शब्द असलेल्या त्याच्या ठशाला संग्राहकांत विशेष मागणी आहे.

लाकडी रंध्यावर कर्त्याचा ठसा बहुधा पुढच्या टोकावर, मधोमध व एकदाच असतो. वेडावाकडा, चार ठिकाणी मारलेला ठसा सहसा मालकाचा. नवखे विक्रेते त्यालाच कर्ता समजतात. लाकडाच्या कडेला नक्षीदार कंगोरा काढणाऱ्या इंग्लिश कंगोरी रंध्यांची लांबी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात साधारण साडेनऊ इंचांवर स्थिरावली. त्यामुळे दहा इंचांचा नमुना त्याआधीचा असण्याचा संभव वाढतो. पण टोक कापून आखूड केलेले रंधेही आढळतात, म्हणून लांबीचा पुरावा दुय्यम मानावा.

लोखंडी रंध्यांत अमेरिकन रंधाकार लेनर्ड बेलीची रचना मध्यवर्ती आहे. त्याचा धंदा १८६९ मध्ये स्टॅन्ली या अमेरिकन हत्यार कंपनीने घेतला. घडणीतील बदलांवरून या रंध्यांचा काळ सांगणारी ‘टाइप’ ही क्रमवारी कंपनीची नसून नंतरच्या अभ्यासकांनी लावलेली आहे, हे जाहिराती वाचताना विसरले जाते. पाते बसते त्या फ्रॉगच्या मागे ओतिवात पेटंटच्या तारखा दिसतात : आधी १९०२ च्या दोन, पुढे १९१० ची तिसरी. तिसरी तारीख असेल, तर तो ओतीव भाग १९१० पूर्वीचा नाही, एवढेच सिद्ध होते. कारखान्यात शिल्लक सुटे भाग पुढच्या मालात वापरले जात आणि मालकही पाती-मुठी बदलत. तेव्हा विक्रेत्याने सांगितलेल्या एका नेमक्या वर्षापेक्षा दशकाचा अंदाज अधिक भरवशाचा.

लोखंडी खोळीत लाकूड भरलेल्या ‘इनफिल’ रंध्याच्या शोधाचे श्रेय स्कॉटलंडमधील एअर येथील स्टुअर्ट स्पायर्सला दिले जाते. मात्र लाकूड व लोखंड यांचा मिलाफ रोमन रंध्यांतही आहे. स्पायर्सने त्याचा धंदा यशस्वी केला, हे मत अधिक पटते.

तोंडाजवळची (पाते बाहेर येते त्या तळाच्या फटीजवळची) चीर, झाळकाम, घासून रुंदावलेले तोंड, मुठीचे तुटलेले शेंडे, मूळची नसलेली पाचर यांमुळे भाव पडतो. तारेच्या ब्रशने चकचकीत केलेला रंधाही संग्राहक टाळतात. मूळचे काळे रोगण किती उरले, यावर त्यांची नजर असते. स्टॅन्लीच्या बेली रचनेतील सर्वांत लहान, १ क्रमांकाच्या साडेपाच इंची रंध्याच्या नकला होतात. अस्सल रंध्यावरून साचा घेतला, तर ओतीव लोखंड निवताना सुमारे एक टक्का आकसते. नक्कल जवळपास दीड मिलिमीटर आखूड भरते.

जुन्या अमेरिकन रंध्यांच्या मुठी बहुधा ब्राझिली शिसवीच्या असतात. हे झाड १९९२ पासून संकटग्रस्त वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. म्हणून असा रंधा देशाबाहेर विकताना मुठीच्या लाकडाचे वय व जात दाखवणारी कागदपत्रे लागू शकतात. बीचच्या मुठीला ही अडचण येत नाही.