शून्य सावलीच्या दिवशीही सावली देणारं झाड

फाटकापासून घरापर्यंतच्या रस्त्याला दुतर्फा झाडं लावायची म्हटलं की पुष्कळ जण नर्सरीतून उंच, सरळसोट अशोक आणतात (सीतेचा अशोक वेगळा). दहा वर्षांत रस्ता देखणा होतो, पण मे महिन्यात तापायचा तो तापतोच.

पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. तोच आपला शून्य सावलीचा दिवस. त्या वेळी झाड कितीही उंच असो, सावली त्याच्या फांद्यांच्या घेराएवढीच पडते. घेर चार फुटांचा, तर सावलीही चार फुटांची. म्हणून मी झाड निवडताना दोनच प्रश्न विचारते: फांद्या रस्त्यावर पसरतील का? आणि ऐन मेमध्ये त्यांवर पानं असतील का?

गुलमोहर दुसऱ्या प्रश्नाला अडतो. मादागास्करहून आलेलं हे झाड फुलतं तेव्हा पानं विरळ असतात. लाकूडही ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. कडुनिंबाचं तसं नाही. शिशिर सरताना पानं गाळून तो मोकळा होतो, पाडव्याला गुढीसाठी आपण त्याची कोवळी पालवी तोडतो आणि तीच पालवी वैशाखात गर्द होते. करंजही असाच. ही पानं सतत पाण्याची वाफ सोडतात आणि वाफ होताना पाणी भोवतालची उष्णता घेतं. पत्र्याची शेड मात्र स्वतः तापून खाली झळ मारते.

मुळं खोल जातात असं आपण धरून चालतो. खरं तर बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात आणि घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना हवा लागते. गाड्यांखाली माती दबली की तिच्यातली हवेची पोकळी जाते आणि मुळं गुदमरतात. म्हणून रस्त्याच्या कडेपासून दहा फूट सोडा, दोन झाडांत तीस फूट ठेवा. रोपं हातभर असताना ही जागा उगाच मोकळी वाटते, पण मधे आणखी झाडं खुपसू नका. वड-पिंपळ तर रस्त्यालगत नकोतच. रस्ता दक्षिणोत्तर असेल आणि एकच ओळ परवडणार असेल, तर ती पश्चिमेला लावा, दुपारनंतरचं ऊन अडेल.

लावताना पिशवी फाडून मुळं नीट बघा. जुन्या रोपाच्या तळाशी मुळांची चुंबळ झालेली असते. ती तशीच पुरली तर मुळं जाड होत एकमेकांना आवळतात आणि भरात आलेलं झाड वादळात उन्मळतं. गुंडाळलेली मुळं धारदार कात्रीने कापा, उरलेली मोकळी पसरा. खड्डा खोल नको, रुंद हवा, आणि बुंध्याचा फुगीर तळ मातीच्या वर राहू द्या. आधाराची काठी सैल बांधा. वाऱ्यात थोडं हललं की खोड जाड होतं. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, आणि दर वर्षी आळं बुंध्यापासून हातभर बाहेर सरकवा, कारण पाणी पिणारी टोकं तोवर तिथवर पोचलेली असतात.