आपलं रीळ म्हणजे स्पूल, आपली फिरकी म्हणजे रील

बेळगावात शिवणाच्या डब्यात असतं त्याला आपण रीळ म्हणतो, आणि केव्ह डायव्हिंगचं (पाण्याखालच्या गुहेत, परतीची वाट सापडावी म्हणून दोरी सोडत जायचं) सामान घेताना पहिला घोळ तिथेच होतो. डब्यातल्या त्या रिळासारखा दिसतो तो डायव्हरांचा स्पूल: मध्ये भोक, भोवती दोरी, अडकवायला डबल एंडर, म्हणजे दोन्ही टोकांना उघडणारा हूक. डायव्हर ज्याला रील म्हणतात ते पतंगाच्या फिरकीचं भावंड: मूठ, आसावर फिरणारा ड्रम, गुंडाळायला खुंटी, लॉक करायला स्क्रू.

‘स्पूल म्हणजे छोटं रील’ हे ऐकून कान किटले. प्रायमरी रीलवर साधारण १२० मीटर, सेफ्टी स्पूलवर (वाट किंवा दोरी हरवली तर शोधायला) ४५, जंपसाठी (एका कायमच्या दोरीवरून दुसरीपर्यंतचं अंतर जोडायला) ३०, हे खरं. पण लांबीवर काहीच अडत नाही. अडतं ते दोरी सैल पडल्यावर.

रीलचा ड्रम मोकळा फिरतो. तुम्ही थांबलात तरी तो आणखी दोन-चार वेढे फिरतो. ती जास्तीची दोरी पुढे कुणी ओढत नाही, म्हणून ड्रमवरच सैल होते आणि चौकटीच्या फटीत शिरते. रील जाम! ढील देताना फिरकी धरणारं पोर बेसावध असलं की मांजाचं असंच होतं, फक्त इथे गुंता सोडवताना सिलिंडरमधला गॅस संपत असतो. त्यावर लोक स्क्रू अर्धवट आवळून ठेवतात. चूक. स्क्रू लॉकसाठी, ब्रेक म्हणजे तुमचं बोट, ड्रमच्या कडेला हलकं टेकलेलं आणि थांबायच्या आधी दाबलेलं. थांबलात की मग लॉक.

स्पूलला चौकटच नाही, त्यामुळे दोरी शिरायला फटही नाही. पण लॉकही नाही: हातातून सुटला की उलगडत तळाला. शिवाय स्पूल स्थिर धरून दोरी त्याच्याभोवती फिरवलीत, तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ चढतो आणि थोड्या वेळात दोरी स्वतःशीच वेटोळी घालते. फिरवायचा तो स्पूल. दोरी ताणलेली राहू द्या. जाड हातमोजे घालून १२० मीटर असे गुंडाळून बघा, म्हणजे रील का लागतं ते बोटंच सांगतील.

म्हणून गुहेबाहेरच्या मोकळ्या पाण्यापासून आतल्या कायमच्या दोरीपर्यंत रील. जंपला, सेफ्टीला आणि मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला सिग्नल बॉय (पाण्यावर आपली जागा दाखवणारा फुगा) सोडायला स्पूल. रीलवरून बॉय सोडू नयेच. जाम झालं आणि मूठ सोडली नाही, तर बॉयबरोबर माणूसही वर जातो. दोरी धावत असताना रील काय, स्पूल काय, अंगाला हूक करायचं नाही.

झाकलेलं रील घेऊ नका. आतला गुंता दिसत नाही आणि बोटही पोचत नाही.

दोरी विणलेल्या नायलॉनची, २४ नंबरच्या जाडीची. बाजारातली स्वस्त पॉलिप्रॉपिलीनची दोरी तरंगते, सैल पडली की वर येऊन पायात अडकते. शंका असेल तर तुकडा चोळून भिजवा आणि बादलीत टाका, बुडायला हवा. नवं नायलॉन भिजल्यावर आखडतं, म्हणून आधी रात्रभर भिजवून वाळवा, मगच दर ३ मीटरला गाठ मारा. उलट केलंत तर गाठी मोजून निघणारं अंतर खोटं. भरताना कडेला अर्धा सेंटीमीटर मोकळं सोडा. टोकाचा फास अख्खं रील पार होईल एवढा हवा. बोटभर फासाने दगडाला काय बांधणार?

समुद्रातून आल्यावर नुसतं वरून पाणी ओतून भागत नाही, आतल्या वेढ्यांत मीठ राहतंच. सगळी दोरी काढा, गोड्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा (उन्हाने नायलॉन कमजोर होतं) आणि ताण देत गुंडाळा. गुंडाळताना ती चिमटीतून जाऊ द्या. कुठे कुसळ लागलं तर तिथं गाठ मारून चालवू नका, दोरी बदला. हुकाच्या स्प्रिंगमधली वाळूही झटका. पावसाळ्यात नेत्राणी बंद असते आणि बेळगावात कपडेसुद्धा वाळत नाहीत, तेव्हा हे सगळं मे महिन्यातच उरका. ओली गुंडाळलेली दोरी ऑक्टोबरात बुरशीच्या वासासकट उघडते.