निवृत्तीसाठी जपानमधले जुने बैठे घर : पाहायला जाण्याआधी

जपानमध्ये स्थायिक झालेले मराठी ग्राहक आमच्याकडे 'हिराया'ची, म्हणजे एकमजली बैठ्या घराची, चौकशी करतात ती बहुधा गुडघ्यांपायी. जिना टळतो हे खरे. पण चढउतार टळत नाही. गेन्कानमध्ये, म्हणजे दारालगतच्या खोलगट जागेत, चपला काढून आत जाताना जुन्या घरांत 20 ते 30 सेंमी चढावे लागते. तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीचा उंबरठा जेमतेम 2-3 सेंमी असतो आणि ठेच तिथेच लागते, कारण तो नजरेत भरत नाही. टेप बरोबर आणा. खांब मध्यापासून मध्यापर्यंत 91 सेंमीवर असतात, त्यामुळे बोळाची मोकळी रुंदी साधारण 78 सेंमी मिळते. चाकांची खुर्ची त्यातून सरळ जाते, न्हाणीघराकडे वळताना मात्र अडकते.

पहिला कागद मागायचा तो बांधकाम मंजुरीचा. मंजुरी 1 जून 1981 किंवा त्यानंतरची असेल, तर घर भूकंपाच्या नव्या निकषात बसते. बांधून पूर्ण झाल्याचे वर्ष इथे चालत नाही. 1982 मध्ये पूर्ण झालेल्या घराची मंजुरी आधीची असू शकते. लाकडी घरांचे सांधे आणि भिंतींची मांडणी यांचे नियम 2000 साली आणखी कडक झाले. 1981 पूर्वीचे घर आम्ही सरसकट बाद करत नाही. मात्र मातीच्या थरावर बसवलेली कौले फार जड असतात. ती उतरवून हलका पत्रा घालणे आणि भिंतींना मजबुती देणे, हा खर्च किमतीत धरूनच बोलणी करा. भूकंप-तपासणीला बऱ्याच नगरपालिका अनुदान देतात.

मग जमिनीखाली पाहा. स्वयंपाकघरात बहुधा सुमारे 60 सेंमीचे झाकण असते. ते उचलून टॉर्च मारा. पायावर चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी. जुन्या टाइलच्या न्हाणीघराची बाजू जास्त निरखा. टाइलच्या सांध्यांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपते आणि पायावरची आडवी तुळई कुजते. मालकाच्या परवानगीने तिला स्क्रू-ड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर लाकूड गेलेले आहे. वाळवीच्या औषधाचा असर साधारण 5 वर्षे टिकतो, म्हणून शेवटच्या फवारणीची तारीख लेखी घ्या. छतासाठी ओशिइरेच्या, म्हणजे भिंतीतल्या कपाटाच्या, वरची फळी सरकवून पाण्याचे डाग शोधा.

जागा किमान 4 मीटर रुंद रस्त्याला किमान 2 मीटर लागून नसेल, तर पाडून नवे घर बांधायला सहसा परवानगी मिळत नाही. अशी घरे स्वस्त दिसतात ती यामुळेच.

कठडे, उंबरठे, सरकती दारे यांच्या कामाला काइगो विम्यातून, म्हणजे वृद्धांच्या काळजीसाठीच्या सरकारी विम्यातून, 2 लाख येनपर्यंतचा खर्च धरला जातो. त्यातला 10 ते 30 टक्के आपण भरायचा. त्यासाठी काळजीची गरज प्रमाणित झालेली हवी, अर्ज काम सुरू होण्याआधी हवा आणि विमाकार्डावर त्याच घराचा पत्ता हवा. आधी काम उरकून मग अर्ज केला, तर पैसे मिळत नाहीत.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी : परदेशी नागरिकाला घर घेता येते, पण त्यावर राहण्याचा व्हिसा मिळत नाही. निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाही नाही.

आमची दलाली : 80 लाख येनपर्यंतच्या घरांवर, जुलै 2024 पासूनच्या नियमानुसार, करासह जास्तीत जास्त 3 लाख 30 हजार येन. आकडा करारापूर्वीच लिहून देतो.

पाहणीसाठी शक्यतो पाऊस पडून गेल्याचा दुसरा दिवस मागा. घराखालची ओल तेव्हाच दिसते.